चेरी फुलते, पण फळ धरत नाही: पुण्यातल्या बागेत कारण कसं शोधायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. झाड तजेलदार आहे, मे ते दिवाळी या काळात तीन-चारदा गुलाबी फुलांनी भरून येतं, आणि दर वेळी आठवड्याभरात सगळी फुलं कुंडीभोवती पडलेली दिसतात. मग खत वाढवलं जातं. झाड आणखी हिरवं होतं, फांद्या लांबतात, फळ मात्र नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

खत कमी पडलं म्हणून फळ धरलं नाही, असं क्वचितच होतं. पाणी, परागीभवन आणि मातीतली चुनखडी या तीन जागा आधी तपासायच्या. पण त्याच्याही आधी आपल्याकडे नेमकी कुठली चेरी आहे हे पक्कं करायला हवं, कारण या एका नावाखाली आपल्याकडे चार अगदी वेगवेगळी झाडं विकली जातात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

झाड ओळखा, लेबलवर जाऊ नका

सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत नुसतं ‘चेरी’ म्हणून मागितलं की बहुधा बार्बाडोस चेरी हातात येते. हिची पानं समोरासमोर, चकचकीत, कड थोडी लाटदार पण दाते नाहीत. फूल फिकट गुलाबी, दीड-दोन सेंटिमीटरचं. पाचही पाकळ्या बुडाशी दांडीसारख्या अरुंद आणि कडेला झालर असल्यासारख्या. फळ लाल, तीन उथळ फुगवट्यांचं, आत तीन कंगोरेदार बिया. कोवळ्या पानांवरची लव काहींच्या हाताला खाजते, छाटणी करताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

सुरीनाम चेरीची नवी पालवी तांबूस असते आणि पान चुरगळलं की राळेसारखा उग्र वास येतो. फूल पांढरं, मधे पुंकेसरांचा झुपका. फळाला उभ्या सात-आठ धारा, अगदी छोट्या भोपळ्यासारखं. हे झाड जांभळाच्या कुळातलं. सिंगापूर चेरी त्याहून सोपी: पान मऊ, लवदार, हाताला किंचित चिकट, बुडाशी एक बाजू मोठी तर दुसरी लहान, फांद्या छत्रीसारख्या आडव्या पसरलेल्या. फळात हजारो बारीक बिया, अंजिराची आठवण यावी अशा.

आणि खरी चेरी, म्हणजे मे-जूनमध्ये काश्मीरहून खोक्यांत येते ती. हिच्या पानाची कड करवतीसारखी असते, देठावर पानाच्या अगदी जवळ दोन लालसर ग्रंथी दिसतात आणि खोडाच्या सालीवर आडव्या रेघा असतात. हिवाळ्यात पानं गळतात.

(फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरातल्या रस्त्यांवर गुलाबी फुलणाऱ्या ज्या झाडाला लोक ‘चेरी ब्लॉसम’ म्हणतात, तो टॅबेबुया आहे. आणि केकवरची लालभडक चेरी बहुतेक वेळा रंगवून पाकात मुरवलेलं करवंद असते. सिंहगडावर उन्हाळ्यात विकायला असतं तेच करवंद.)

खरी चेरी असेल तर

इथे स्पष्ट सांगणं बरं: पुण्यात ती फळ देणार नाही. हिवाळ्यात झाड झोपी जातं आणि त्या झोपेतून नीट उठायला त्याला ठराविक तास थंडी लागते. हे तास ७ अंश सेल्सिअसच्या खाली मोजतात. बहुतेक गोड चेरींना असे ८०० ते १२०० तास लागतात. सिमला जिल्ह्यात नारकंड्याच्या आसपास ते सहज मिळतात.

आपल्याकडे जानेवारीतलं पहाटेचं सरासरी किमान तापमान ११-१२ अंश. पाषाण, एनडीए अशा थंड पट्ट्यांत लाट आली की ते ६-७ अंशांपर्यंत उतरतं. अशा दहा रात्री आणि प्रत्येक रात्रीचे तीन तास धरले तरी हिशोब ३० तासांवर थांबतो, आणि दुपारी पारा २८-३० अंशांवर गेला की त्यातलाही काही भाग फुकट जातो. जानेवारी १९३५ मध्ये पुण्यात १.७ अंशांची नोंद झाली होती, पण एका पहाटेच्या नीचांकानं झाडाचं काम होत नाही, त्याला आठवडेच्या आठवडे गारवा लागतो. ‘कमी थंडीची जात’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिनी रॉयल आणि रॉयल ली यांनाही काहीशे तास लागतातच, शिवाय एकीला दुसरीचे पराग हवे असतात.

थंडी न मिळालेलं झाड मार्च-एप्रिलपर्यंत तसंच उभं राहतं, टोकाचे दोन-चार डोळे फुटतात, मधली फांदी उघडी राहते, उन्हानं साल तडकते आणि तिथून डिंक गळायला लागतो. द्राक्षबागेत छाटणीनंतर डोळे फोडायला जे हायड्रोजन सायनामाइड वापरतात, ते चेरीला लावू का, असं बरेच जण विचारतात. लावू नका. ते थंडीची थोडी उणीव भरून काढतं, पूर्ण थंडीची जागा घेत नाही, आणि घराच्या गच्चीवर हाताळावं असं ते रसायन नाही. फळ हवं असेल तर त्याच जागी खालच्या तिघींपैकी एक लावा.

बार्बाडोस चेरी: आधी दोऱ्याची चाचणी

गळ कशामुळे होते हे अंदाजानं ठरवू नका, झाडालाच विचारा. फुलोरा आला की सकाळी साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान २० ताजी उमललेली फुलं निवडा. चित्रकलेचा शून्य किंवा एक नंबरचा मऊ कोरडा ब्रश घ्या, दुसऱ्या झाडाच्या फुलातल्या पिवळ्या परागकोशांवरून फिरवा आणि निवडलेल्या फुलांच्या मधोमध असलेल्या तीन कुक्षींना हलकेच टेकवा. दुसरं झाड नसेल तर त्याच झाडाच्या दुसऱ्या फांदीवरचे पराग घ्या. या २० फुलांच्या देठांना लाल दोरा सैल बांधा. आणखी २० फुलांना काहीही न करता पांढरा दोरा बांधा. सातव्या दिवशी मोजा.

लाल दोऱ्याची बरीच फुलं टिकून देठाशी हिरवा मणी फुगलेला दिसला आणि पांढरी जवळपास सगळी गळली, तर अडचण परागीभवनाची. दोन्ही सारखीच गळली तर पाणी, ऊन किंवा मुळं बघायची. मणी धरला, वाटाण्याएवढा झाला आणि मग गळला, तर बहुधा मधे एक-दोन दिवस पाणी चुकलं आहे. दोन्ही रंगांची फुलं टिकली तर खरी अडचण फळधारणेची नाहीच. मग पक्षी आणि फळमाशी यांच्याकडे वळा.

पराग पोचत नाहीत

या झाडाचं मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यात. त्याच्या फुलात मध नसतो. पाकळ्यांच्या मागे, हिरव्या निदलांवर, तेलाच्या फुगीर ग्रंथी असतात (फूल उलटं करून बघा, उघड्या डोळ्यांनी दिसतात). तिकडे तेल गोळा करणाऱ्या खास जातीच्या माश्या या तेलासाठी येतात आणि जाता जाता परागीभवन करतात. आपल्याकडच्या सातेरी, आग्या, फुलोरी माश्यांना त्या तेलाचा काही उपयोग नाही. परागासाठी त्या अधूनमधून येतात, पण तेवढ्यावर झाड लगडत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त दुर्लक्षित. बार्बाडोस चेरीची रोपं बहुधा छाट कलमानं किंवा गुटीनं (झाडावरच्याच फांदीला मुळं आणून) करतात, कारण तिच्या बऱ्याचशा बिया आतून पोकळ असतात आणि उगवत नाहीत. म्हणजे एका नर्सरीतून आणलेली दोन रोपं बहुतेक वेळा एकाच आईची, पर्यायानं एकच झाड. काही झाडं स्वतःच्या परागांवर फारच कमी फळ धरतात, आणि तिथे असं जुळं भावंड आणून उपयोग होत नाही. दुसरं रोप दुसऱ्या नर्सरीतून घ्या, शक्य तर फुलाची छटा किंवा पानाचा आकार थोडा वेगळा असलेलं. दोन कुंड्या फांद्या एकमेकींना लागतील इतक्या जवळ ठेवा.

तोवर ब्रश. फुलोरा जोरात असेल त्या पाच-सहा दिवसांत रोज सकाळी दहा मिनिटं पुरतात. पावसानं भिजलेल्या फुलांवर ब्रश फिरवून काही होत नाही, पराग गोळा होऊन चिकटतात.

संजीवक (झाडाच्या वाढीवर परिणाम करणारं रसायन) मारू का, हा यापुढचा प्रश्न असतो. ४.५ टक्के एनएए बाजारात मिळतं, आणि १० लिटर पाण्यात ४.५ मिली घेतलं की २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) होतं (एक लिटरला ०.४५ मिली, बिनसुईच्या इन्सुलिन सिरिंजनं मोजा). इतर फळझाडांत ते धरलेल्या फळाची गळ कमी करायला वापरतात. न धरलेलं फळ ते आणून देत नाही. मात्रा जास्त झाली तर उलटा परिणामही होऊ शकतो. ब्रश आणि पाणी नीट केल्यावर त्याची गरज फारशी उरत नाही.

पाण्याची लय

डाळिंबाचा किंवा संत्र्याचा बहार धरणाऱ्यांना हे लगेच कळेल. ताण बसल्यावर, म्हणजे काही दिवस पाणी तुटल्यावर, भरपूर पाणी मिळालं की हे झाड फुलतं. म्हणूनच वळवाचा पाऊस झाला की दोन-तीन आठवड्यांत ते गुलाबी होतं. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत तीन ते चार आठवडेच लागतात. एवढ्या छोट्या मुदतीत एखादा दिवस जरी मुळं कोरडी पडली तरी झाड आधी फळं सोडतं, पानं नंतर.

जमिनीतल्या, तीन वर्षांवरच्या झाडाला एप्रिलमध्ये दोन-तीन आठवडे पाणी तोडलं तरी चालतं. मग अळं भरून, ६० सेंटिमीटर खोलवर ओल जाईल असं एकदा पाणी द्या. त्यानंतर काळ्या मातीत पाच-सहा दिवसांनी, मुरमाड जमिनीत दर तिसऱ्या दिवशी. कळ्या दिसल्यापासून तोडणीपर्यंत हा क्रम मोडायचा नाही.

कुंडीतल्या झाडाला मात्र ताण देऊ नका. मे महिन्यात गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती दुपारी इतकी तापते की कडेची पांढरी मुळं मरतात, आणि शोषणारी मुळं नेमकी तिथेच असतात. सकाळी सातच्या आत एकदा आणि सूर्य कलल्यावर एकदा पाणी द्या. कुंडीला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा, मातीवर पाचट किंवा वाळक्या पानांचा ५-७ सेंटिमीटरचा थर द्या, खोडापासून चार बोटं जागा सोडून. एप्रिल-मेपुरती ३५ टक्क्यांची शेडनेट चालेल, ५० टक्क्यांची नको. या झाडाला किमान सहा तास थेट ऊन लागतं. दोन इमारतींच्या मधल्या बोळात ते वाढेल, फळणार नाही.

कुंडी ६० लिटरपेक्षा लहान असेल तर कितीही पाणी घाला, मेमध्ये पुरे पडत नाही. आमच्या मते गळीच्या तक्रारींत लहान कुंडीचा वाटा जेवढा मानला जातो त्याहून बराच मोठा आहे. मिश्रण साधं ठेवा: चार भाग लाल माती, तीन भाग गांडूळखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू. बुडाला दोन सेंटिमीटरची चार-पाच भोकं.

जुलै-ऑगस्टमध्ये प्रश्न उलटा होतो. काळ्या मातीत खड्डा काढून लावलेलं झाड म्हणजे पावसाळ्यात हौदात उभं केलेलं झाड. लावण्याआधी ६० सेंटिमीटर घन खड्डा करून तो एकदा पाण्यानं भरा, मुरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी सहा तासांनीही तसंच असेल तर तिथे खड्ड्यात लावू नका. २५-३० सेंटिमीटर उंच, मीटरभर रुंद गादी करून तीवर लावा. आधीच लावलेलं असेल तर अळ्याचा काठ फोडून उताराकडे चर काढा.

पान पिवळं, शिरा हिरव्या

हे दिसलं की खत बंद करा आणि माती तपासा. चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन वर थोडं व्हिनेगर टाका. बुडबुडे येऊन फसफसली तर मातीत मोकळा चुना आहे. पुण्याच्या काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे सर्रास असतात, आणि सोसायटीतलं बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी रोज त्यात भर घालतं. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला असेल तर कारण समोरच आहे.

अशा मातीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. वरून फेरस सल्फेट टाकलं तर तेही काही दिवसांत बांधलं जातं. साधं ईडीटीए लोह (दुसऱ्या रेणूत बांधून ठेवलेलं लोह) अशा मातीत टिकत नाही, ते पानांवर फवारायचं. मातीत टाकायला ईडीडीएचए स्वरूपातलं ६ टक्के लोह घ्या. ६० लिटरच्या कुंडीला ५ ग्रॅम, तीन लिटर पाण्यात विरघळवून, संध्याकाळी. उन्हात ते निकामी होतं, आणि फरशीवर सांडलं तर लाल डाग जात नाही. महिन्यानं पुन्हा एकदा. तातडीनं पानं सुधारायची असतील तर लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड यांची फवारणी दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा. जुनी पिवळी पानं हिरवी होतील अशी आशा धरू नका, नवी पालवी कशी येते ते बघा.

पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी पिंपात धरून ठेवा आणि बोअरच्या पाण्याबरोबर आलटून पालटून द्या. एवढ्यानंही कुंडीतला क्षार बराच धुऊन जातो. चुनखडीच्या मातीत हाडांचं पीठ टाकून काही साधत नाही, त्यातलं स्फुरद तिथेच अडकून बसतं.

खताचं प्रमाण थोडक्यात: जून आणि सप्टेंबरमध्ये कुंडीला दीड-दोन किलो गांडूळखत, कळ्या दिसल्यावर पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा लिटरला २ ग्रॅम ०:०:५० (फक्त पालाश असलेलं विद्राव्य खत). युरिया आणि दर आठवड्याचं १९:१९:१९ बंद. हातभर लांब, लुसलुशीत, फुलं नसलेल्या फांद्या ही जास्त नत्राचीच खूण. छाटणी जानेवारीच्या अखेरीस, दिवाळीनंतरची फळं संपल्यावर. आतल्या दाट फांद्या आणि वाळकं लाकूड काढा, पण एकूण विस्ताराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. मेमध्ये कात्री लावलीत तर त्या वर्षीचा पहिला बहार कापून टाकलात.

सगळं करूनही झाड खुंटलेलं, दुपारी मलूल आणि संध्याकाळी पुन्हा ताठ, असं दिसत असेल तर कडेची माती उकरून बारीक मुळं बघा. त्यांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर तो सूत्रकृमी. हलक्या, वाळूच्या मातीत तो जास्त त्रास देतो. कुंडीला २०० ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळा, भोवती झेंडू लावा, आणि जानेवारीत माती बदलताना जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. पिठ्या ढेकूण आणि मावा कोवळ्या शेंड्यांवर येतात. लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि २ मिली द्रव साबण, संध्याकाळी, उमललेली फुलं टाळून.

बाकीच्या दोघी

सुरीनाम चेरीला परागीभवनाचा प्रश्न सहसा येत नाही. रोप बियांपासूनचं असेल तर दोन-तीन वर्षं, कधी जास्तही, वाट बघावी लागते. फळ कडू-उग्र लागतं ही तिची मुख्य तक्रार, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा घाई. नारिंगी असताना तोडू नका. गडद लाल होऊन नुसत्या स्पर्शानं हातात पडलं तरच घ्या, मग अर्धं करून बी काढून दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, राळेचा वास बराच उतरतो. आत अळ्या निघाल्या तर फळमाशी आहे. पडलेली फळं रोज गोळा करून घट्ट बांधलेल्या पिशवीत उन्हात ठेवा, कंपोस्टमध्ये टाकू नका, आणि मिथाइल युजेनॉलचा सापळा झाडाबाहेर दोन-तीन मीटरवर टांगा.

सिंगापूर चेरी दीड-दोन वर्षांत फळते आणि बुलबुल, तांबट, रात्री वटवाघळं तिच्यावर तुटून पडतात. झाड फार वेगानं वाढतं, म्हणून कुंपणाच्या भिंतीपासून किमान तीन मीटर दूर लावा. तिला खत देऊ नका.

तोडणी

बार्बाडोस चेरीचं फळ हिरव्याचं पिवळसर-लाल झालं की दिवसाआड तोडा, पूर्ण लाल होईपर्यंत थांबलात तर पक्षी आधी पोचतात. पिशवीत दाबून भरू नका, पसरट डब्यात एकाच थरात ठेवा. बाहेर ते दोन-तीन दिवसांत आंबतं. आंबट फळात क जीवनसत्त्व जास्त असतं, १०० ग्रॅमला १००० मिलिग्रॅमच्याही वर, आणि पिकत जाईल तसं ते उतरतं. सरबताला किंवा मुरांब्याला अर्धवट लाल फळ घ्या, नुसतं खायला मात्र पक्ष्यांपासून वाचलेलं गडद लाल. जास्तीचं धुऊन, पुसून, तोडल्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका. बिया नंतर काढल्या तरी चालतात, गोठलेलं फळ थोडं सैल झालं की त्या बोटानं सहज सुटतात.